ट्रॅक हवाच, पण तो इथेच का हवा?

इटलीच्या दक्षिण टोकाला, पुलिया प्रांतात, नार्दो नावाचं एक शहर आहे. त्याच्या जवळचा कार टेस्ट ट्रॅक एकदा सॅटेलाइट फोटोत बघाच. शेतं, ऑलिव्हच्या बागा, आडवेतिडवे रस्ते आणि या सगळ्याच्या मधोमध कंपास टेकवून काढल्यासारखं एक वर्तुळ. घेर १२.६ किलोमीटर, व्यास साधारण चार किलोमीटर. फियाटने १९७५ साली हा ट्रॅक सुरू केला, २०१२ पासून तो पोर्शेकडे आहे, आणि जगभरातल्या कितीतरी कंपन्या तिथे आपल्या गाड्या आणून पळवतात. वर्तुळाच्या आतली जमीन मोजली तर साडेबाराशे हेक्टरच्या वर भरते. ती सगळी काही कंपनीची नाही, आत शेतीही चालते, पण ती आता रिंगणाच्या आतली शेती झालीय.

एवढं मोठं वर्तुळ लागतंच कशाला, हे कोणी विचारत नाही. आणि माझ्या मते सगळा वाद तिथूनच सुरू व्हायला पाहिजे.

गणित साधं आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, ते टाळायला रस्ता आतल्या बाजूला कलता बांधतात, त्याला बँकिंग म्हणतात. नार्दोच्या सगळ्यात बाहेरच्या लेनमधून ताशी २४० किलोमीटरने गेलं तर ड्रायव्हरला स्टेअरिंग वळवावंच लागत नाही, जणू सरळ रस्त्यावर चाललोय. त्रिज्या दोन किलोमीटर आहे म्हणून हे तेरा-एक अंशांच्या कलात जमतं. तीच त्रिज्या अर्ध्या किलोमीटरवर आणली तर त्याच वेगासाठी कल ४२ अंशांच्या आसपास न्यावा लागेल, म्हणजे जवळजवळ भिंतच, आणि वर टायर आणि सस्पेन्शनवर नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त भार पडणार, म्हणजे टेस्टचा रिझल्ट खऱ्या रस्त्याशी जुळणारच नाही. म्हणून कल तेवढाच ठेवून वेग दुप्पट करायचा म्हटलं तर त्रिज्या चौपट लागते आणि रिंगणात अडकणारी जमीन सोळापट. वेगाची हाव जमीन अशी खाते, आणि ही गोष्ट कुठल्याही पर्यावरण रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापायला हवी असं मला वाटतं.

आता बघा, जगातल्या बहुतेक देशांत हायवेची मर्यादा ताशी १०० ते १३० किलोमीटरच्या घरात आहे. जर्मनीच्या ऑटोबानचे काही भाग सोडले तर २४० ने गाडी चालवायला कायद्याने परवानगी असलेला रस्ता क्वचितच सापडेल. आणि ज्या टेस्टमुळे खरंच माणसं वाचतात, म्हणजे समोर कोणी आलं की गाडीने आपोआप ब्रेक मारणं, ओल्या रस्त्यावर घसरण सांभाळणं, लेन सोडली तर सावरणं, त्यांना मुख्यतः सपाट मोकळी जागा लागते. तीनशे मीटर व्यासाचं डांबरी मैदान म्हणजे सात हेक्टर. खड्ड्यांचा रस्ता, दगडी रस्ता, चढ-उतार, पाणी भरलेली चर, या सगळ्या पट्ट्या लांबट असतात पण वर्तुळाएवढ्या जमीनखाऊ नसतात. जमिनीचा मोठा घास जातो तो हाय स्पीड ओव्हलकडे, म्हणजे न थांबता वेगात फिरत राहता येईल अशा गोल किंवा लंबगोल ट्रॅककडे. जर्मनीत फोक्सवॅगनचा एरा-लेसिएनला ट्रॅक आहे, त्याच्या जवळपास नऊ किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर २०१९ साली बुगाटीने ताशी ४९० किलोमीटर गाठले, जगभर बातमी झाली. त्यातून रस्त्यावरच्या सामान्य गाडीत नेमकं काय आलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

इंजिनियर लोक यावर म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की हाय स्पीडवर सलग तासन् तास गाडी पळवली की कूलिंग, बॅटरीचं तापमान, टायरची झीज हे सगळं उघडं पडतं, रस्त्यावर काही वर्षांत जे दिसेल ते इथे काही आठवड्यांत दिसतं. मान्य. पण मग त्यासाठी आहेत ते ओव्हल पुरत नाहीत का, हा पुढचा प्रश्न येतो, त्याकडे येतोच.

नार्दोला काय झालं ते आधी. पोर्शेला तिथे आणखी ट्रॅक बांधायचे होते. पण जागा होती आर्नेओच्या जंगलाची, म्हणजे एकेकाळी त्या सगळ्या पट्ट्यात पसरलेल्या भूमध्य समुद्राकाठच्या ओक आणि झुडपांच्या रानाचा जो तुकडा शिल्लक राहिलाय त्याची, आणि ती युरोपच्या नॅचुरा २००० या संरक्षित जागांच्या जाळ्यात येते. दोनशेहून जास्त हेक्टर जंगल जाणार होतं. प्रांतिक सरकारने हा प्रकल्प सार्वजनिक हिताचा ठरवला, खाजगी जमीन सक्तीने घ्यायची तयारी केली. कंपनीने सांगितलं की आम्ही जेवढं तोडतोय त्याहून जास्त जागेवर नवीन झाडं लावू, शिवाय आणीबाणीसाठी हेलिकॉप्टरची सोय, आगीशी लढायची सोय वगैरे करू. स्थानिक लोक विरोधात उतरले, प्रकरण युरोपियन कमिशनपर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये प्रांतिक सरकारला ती प्रक्रिया थांबवावी लागली.

यात एक बारीक गोष्ट आहे जी बातम्यांत फारशी येत नाही. युरोपचा हॅबिटॅट कायदा, म्हणजे प्राणी-वनस्पतींचे अधिवास जपणारा कायदा, असं सांगतो की संरक्षित जागेचं नुकसान करायचं असेल तर दुसरा पर्याय नाही हे दाखवा आणि फार मोठं सार्वजनिक हित दाखवा. जिथे अगदी अग्रक्रमाचे अधिवास आहेत तिथे तर हे हित मुळात माणसांचं आरोग्य, सार्वजनिक सुरक्षा किंवा पर्यावरणाचं भलं यातलं असावं लागतं, नाहीतर कमिशनचं मत घ्यावं लागतं. म्हणजे रोजगार येतील एवढं म्हणून सहज भागत नाही. आता हेलिकॉप्टर आणि आगीची सोय हे या कलमाशेजारी ठेवून वाचा. त्या सोयी वाईट नाहीत, हव्यातच, पण त्या ट्रॅकला जोडून का याव्यात ही शंका मला तरी येतेच. आरोग्याची सोय करायची असेल तर सरकारने करावी ना, जंगल तोडून मिळणारी भेट म्हणून ती कशाला पदरात पाडून घ्यायची?

दुसऱ्या बाजूला ट्रॅकला विरोध करणाऱ्यांचं एक नेहमीचं आर्ग्युमेंट असतं जे मला पटत नाही. ते म्हणजे धूर. दिवसरात्र गाड्या पळणार, प्रदूषण होणार, कार्बन वाढणार. अहो, टेस्टला असतात त्या फार तर काही शे गाड्या, आणि त्याच मॉडेलच्या नंतर लाखो गाड्या विकल्या जाऊन दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर धावणार असतात. टेस्टमध्ये त्या गाडीचा इंधनाचा खर्च अगदी थोडासा जरी कमी झाला तरी ट्रॅकवरचा सगळा धूर वसूल होतो. आणि आता तर अर्ध्या टेस्ट गाड्या इलेक्ट्रिक असतील, मग धुराचा मुद्दा धरून बसलेल्यांकडे बोलायला काय उरणार? कंपनी आनंदाने म्हणेल की बघा, आमचा ट्रॅक झिरो एमिशन आहे, तिथे सोलर पॅनेल आहेत, चार्जिंग ग्रीन विजेचं आहे, आणि सगळे टाळ्या वाजवतील. खरं नुकसान धुरात नाहीच. ते जमिनीत आहे, कुंपणात आहे आणि पाण्यात आहे.

पाण्याचं आधी. टायर झिजतो तेव्हा त्याचे बारीक कण रस्त्यावर पडतात, पावसाने वाहून जातात. टायरचं रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं एक रसायन घालतात, ओझोनशी त्याची क्रिया होऊन जो पदार्थ बनतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांतल्या कोहो सालमन माशांना मारतो, हे २०२० च्या शेवटी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. कित्येक वर्षं पावसानंतर मासे का मरतात याचं कोडं होतं, ते टायरमध्ये सुटलं. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड, म्हणून टायर आणखी झिजायची शक्यता. गाड्यांच्या प्रदूषणासाठीच्या युरोपच्या नव्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा आलीय. मग ज्या जागी दिवसभर मुद्दाम करकचून ब्रेक मारायचे, मुद्दाम टायर घसरवायचे, त्याच पट्टीवर पाणी सोडून पुन्हा ब्रेक मारायचे, तिथलं पाणी कुठे जातं हा प्रश्न विचारायला हवा की नको? गंमत म्हणजे इथे ट्रॅकला रस्त्यापेक्षा फायदा आहे. रस्त्यावरचं पाणी हजार ठिकाणी जातं, ट्रॅकवरचं एका-दोन नाल्यांतून बाहेर काढता येतं, म्हणजे गोळा करता येतं, गाळता येतं, तपासता येतं. सार्वजनिक रस्त्यावर जे शक्य नाही ते इथे शक्य आहे, म्हणून इथे सबब चालणार नाही. तेल वेगळं करायची टाकी बसवली की झालं असं नाही, विरघळलेलं रसायन त्या टाकीत अडकत नाही.

कुंपणाची गोष्ट जास्त गंभीर आहे. नव्या मॉडेलचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून गाड्यांवर काळ्यापांढऱ्या नक्षीचे स्टिकर लावतात हे सगळ्यांनी पाहिलंय, तसंच ट्रॅकला उंच, सलग, कुठेही फट नसलेलं कुंपण असतं. शिवाय २०० च्या स्पीडला समोर रानडुक्कर आलं तर ड्रायव्हरचा जीव जाईल, त्यामुळे सेफ्टीसाठीही ते लागतंच, त्यावर वाद नाही. पण प्रकल्पाच्या रिपोर्टमध्ये काय लिहितात? डांबराखाली जाणारी जमीन इतके टक्के, बाकी हिरवी. हिशोब करून बघा. १२.६ किलोमीटरचा ओव्हल समजा सोळा मीटर रुंद धरला तर डांबर होतं फक्त वीस हेक्टर. आतल्या साडेबाराशे हेक्टरच्या मानाने दोन टक्केसुद्धा नाही! कागदावर हे फारच छान दिसतं. पण कोल्ह्याला, सापाला, बेडकाला टक्केवारी कळत नाही, त्याला आत जायला आणि बाहेर यायला वाट लागते, पावसाळ्यात या डबक्याकडून त्या डबक्याकडे जायचं असतं. रिंग असा आकार आहे की तो आतल्या जमिनीचं बेट करून टाकतो. सरळ हायवे जंगलाचे दोन तुकडे करतो, रिंग एक तुकडा कोंडून ठेवते, आणि कोंडलेल्या लहान तुकड्यातली जनावरं हळूहळू कमी होत जातात. एका वर्षात दिसत नाही, म्हणून रिपोर्टमध्येही दिसत नाही.

टक्केवारी किती फसवी असते ते जपानमध्ये दिसलं. टोयोटाने आपल्या मुख्यालयापासून फार लांब नसलेल्या शिमोयामाच्या डोंगरात सुमारे ६५० हेक्टरवर टेस्ट सेंटर बांधलं, २०१९ मध्ये पहिला भाग सुरू झाला, २०२४ मध्ये ते पूर्ण झालं. तिथे साशिबा नावाचा शिकारी पक्षी घरटं करतो. हा पक्षी नुसत्या घनदाट जंगलात राहत नाही, त्याला जंगलाच्या कडेची भातखाचरं लागतात, कारण बेडूक, साप, किडे तिथे मिळतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त जागा जंगल म्हणून राखली एवढं सांगून साशिबाचं पोट भरत नाही, त्या दरीतली ओली खाचरं कोणीतरी कसत राहिलं पाहिजे. पक्षी अभ्यासक आणि संस्था मागे लागल्या, प्लॅन बदलला, बांधकामाची जागा कमी झाली, आणि खाचरांची आणि रानाची देखभालही कंपनीच्या गळ्यात आली. मला हे उदाहरण अर्धं आवडतं. आवडतं कारण कंपनीला शेवटी जागा समजून घ्यावी लागली. अर्धं यासाठी की डोंगर तर कापला गेलाच, आणि एखादी कंपनी भातखाचरं किती वर्षं सांभाळेल याची हमी कोण देणार, तिचा मूळ धंदा तो नाही.

आणि वनीकरणाचं आश्वासन तर सगळीकडे सारखंच. जेवढं तोडू त्याच्या दुप्पट लावू. नार्दोच्या भागात २०१३ साली झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि त्यानंतर तिथली लाखो ऑलिव्हची झाडं वाळून गेली, मैलोन् मैल नुसते करडे सांगाडे उभे आहेत. अशा प्रदेशात उरलेलं नैसर्गिक रान हे किती मोलाचं असेल ते सांगायला तज्ज्ञ नको. त्या बदल्यात खडकाळ कोरड्या जमिनीवर रोपं लावायची, पहिली काही वर्षं टँकरने पाणी घालायचं, त्यातली किती जगतील ते नशीब. जुन्या रानात नुसती झाडं नसतात हो, खाली कुजलेल्या पानांची माती असते, बुरशी असते, पोकळ खोडं असतात, त्यात राहणारे किडे असतात. रोपवाटिकेतून रोप येतं, हे बाकीचं येत नाही. तोडणं आज होणार, आणि भरपाई झाली की नाही हे पन्नास वर्षांनी कळणार, तेव्हा सही करणारा अधिकारीही नसेल आणि विचारणाराही नसेल.

एक गोष्ट मात्र कंपन्यांच्या बाजूने म्हणायलाच हवी. बंद कुंपणातली जागा कधीकधी जनावरांसाठी बाहेरच्यापेक्षा बरी ठरते. शिकारी नाहीत, प्लॉटिंग नाही, कीटकनाशकं नाहीत, माणसाची वर्दळ ठरावीक पट्टीवर. सैन्याच्या सराव मैदानांवर बऱ्याच देशांत दुर्मीळ फुलं आणि पक्षी टिकून राहिलेत ते याच कारणाने. म्हणजे टेस्ट ट्रॅक म्हटला की सत्यानाश असं समीकरण नाहीये. प्रश्न आधी तिथे काय होतं हा आहे.

आणि इथे माझा मुद्दा. ट्रॅक नको असं मी म्हणत नाही. पण तो इथेच का हवा हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, गावाची नाही. आज होतं उलटं. कंपनी जागा निवडते, सरकार मान डोलावतं आणि मग गावातल्या लोकांनी, दोन-चार पक्षी निरीक्षकांनी, एखाद्या वकिलाने स्वतःचा वेळ आणि पैसा घालून सिद्ध करायचं की इथे काहीतरी जपण्यासारखं आहे. बरं, पर्याय नसतात असंही नाही. बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकात सोकोलोव्हजवळ सुमारे ६०० हेक्टरचं टेस्ट सेंटर सुरू केलं ते जुन्या कोळसा खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगांवर. मर्सिडीजचं इमेन्डिंगेनचं सेंटर, ५२० हेक्टर, २०१८ चं, ते जर्मन सैन्याच्या छावणीच्या आणि सरावाच्या जागेवर. इंग्लंडमधलं मीरा हे टेस्ट सेंटर तर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर १९४० च्या दशकापासून चालू आहे, धावपट्टी आयतीच मिळाली. म्हणजे ज्या जमिनीचं आधीच वाटोळं झालंय अशी जमीन शोधली तर सापडते. खाणीचे ढिगारेही रिकामे नसतात बरं का, नुसतं सोडून दिलं तर तिथेही झाडं, फुलपाखरं येतात, मध्य युरोपात यावर भरपूर अभ्यास झालाय, त्यामुळे तिथेही आधी बघायला हवंच. पण ढिगारा आणि शेकडो वर्षांचं रान यात निवडायचं असेल तर मला फार विचार करावा लागणार नाही.

मघाशी ठेवलेला प्रश्न आता घेऊ, आहेत ते ओव्हल पुरत नाहीत का. कंपन्या एकमेकींचे ट्रॅक वापरतात, यात नवीन काही नाही. नार्दो पोर्शेच्या मालकीचं असूनही इतरांना भाड्याने मिळतं. स्पेनमधलं इडियाडा, इंग्लंडचं मीरा, हे तर धंदाच तो करतात. आपल्याकडे इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, सरकारी पैशाने बांधलेला, कुठल्याही कंपनीने यावं आणि भाडं भरून टेस्ट करावी. मला हे मॉडेल सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ज्या ओव्हलसाठी सगळ्यात जास्त जमीन लागते तोच सगळ्यात सहज वाटून घेता येतो, कारण वर्तुळात गुपित काही नसतं, गुपित गाडीत असतं आणि ती झाकून आणता येते. कंपनी म्हणेल आम्हाला हवे ते दिवस मिळत नाहीत, स्पर्धक शेजारच्या गॅरेजमध्ये असतो, डेटा बाहेर जाईल. असेलही. पण मग सरळ सांगा की आम्हाला सोय हवी आहे, प्रायव्हसी हवी आहे. ते सार्वजनिक हित म्हणून विकू नका.

सार्वजनिक हित या बाबतीत जर्मनीचं बॉक्सबेर्ग प्रकरण प्रत्येक भूसंपादन अधिकाऱ्याने वाचावं असं आहे. मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलर-बेंझला तिथे ६०० च्या वर हेक्टरवर टेस्ट ट्रॅक हवा होता. काही शेतकऱ्यांनी जमीन विकली, काहींनी नाही म्हटलं, आणि नाही म्हणणाऱ्यांची जमीन सक्तीने घ्यायची प्रक्रिया सुरू झाली, कारण काय तर मागास भाग आहे, रोजगार येतील. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २४ मार्च १९८७ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. कोर्टाने असं म्हटलं नाही की खाजगी कंपनीसाठी कधीच जमीन घेता येणार नाही. म्हटलं ते असं, की फायदा थेट कंपनीला आणि लोकांना फक्त आडवळणाने रोजगारातून मिळणार असेल, तर त्यासाठी संसदेने स्पष्ट कायदा केला पाहिजे, तो फायदा खरंच लोकांपर्यंत पोचेल याची तजवीज त्यात पाहिजे, दुसऱ्या कामासाठी केलेला कायदा ताणून वापरता येणार नाही. डायमलरने तो नाद सोडला आणि पुढे उत्तरेत पापेनबुर्गला १२.३ किलोमीटरचा ओव्हल उभा राहिला, १९९८ मध्ये. बॉक्सबेर्गमध्ये नंतर बॉश कंपनीने टेस्ट ट्रॅक बांधला, पण आधीच्या प्लॅनच्या मानाने लहान. म्हणजे ६०० हेक्टरशिवाय काही शक्यच नाही हे शेवटचं सत्य नव्हतं. जर्मन गाडी उद्योग त्या निकालाने बुडाला असं काही झालेलं ऐकिवात नाही.

मग कोणी म्हणेल हे सगळं कॉम्प्युटरवर का करत नाहीत, सिम्युलेशनचा जमाना आहे. होतंय, आणि खूप होतंय, प्रोटोटाइपची, म्हणजे टेस्टसाठी बनवलेल्या नमुना गाड्यांची, संख्या त्यामुळे कमी करता येते. पण सगळं कॉम्प्युटरवर सोडायला माझा विरोध आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा बाहेर आला तो का? तर लॅबमध्ये गाडी एक वागत होती आणि रस्त्यावर दुसरं, सॉफ्टवेअर टेस्ट चालू आहे हे ओळखून धूर कमी करत होतं. त्यानंतर युरोपात २०१७ पासून नव्या मॉडेलना प्रत्यक्ष रस्त्यावर धुराची टेस्ट द्यावी लागते. ज्या उद्योगाने एकदा हे केलंय त्याला आम्ही मॉडेल चालवून बघितलं, सगळं ठीक आहे एवढ्यावर सोडणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि ट्रॅक नसेल तर टेस्ट कुठे होणार? रस्त्यावर, तुमच्या-माझ्यात. २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित टेस्ट गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं, ती गेली. म्हणून ट्रॅक हवेत, आणि म्हणूनच ते चांगल्या ठिकाणी हवेत, कारण प्रत्येक वादग्रस्त लोकेशनमुळे ट्रॅक ही गोष्टच बदनाम होते.

जाता जाता, स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोग आहे, तिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर ट्रॅक आखतात, जर्मन कंपन्या दरवर्षी तिथे मुक्काम ठोकतात. ना झाड तोडायचं ना डांबर ओतायचं, उन्हाळ्यात ट्रॅक विरघळून जातो! पण बर्फ किती जाड होणार हे आता पूर्वीसारखं धरून चालता येत नाही, त्यामुळे उत्तरेत बंद हॉलमध्ये कृत्रिम बर्फावर टेस्ट करायची सोयही झालीय. गाड्यांनीच थोडंफार हवामान तापवलं आणि आता गाड्यांनाच बर्फ पुरेना, यावर हसावं की काय कळत नाही.

शेवटी एका गोष्टीबद्दल कोणी बोलतच नाही, ती म्हणजे ट्रॅक बंद झाल्यावर काय. जनरल मोटर्सने ॲरिझोनातल्या मेसा शहराजवळ वाळवंटात १९५३ मध्ये सुमारे ५,००० एकरांवर टेस्ट ट्रॅक सुरू केला होता. शहर वाढत वाढत कुंपणापर्यंत आलं, जमिनीचा भाव वाढला, कंपनीने ती विकली, आणि २००९ मध्ये ट्रॅक बंद करून युमाला अमेरिकन सैन्याच्या हद्दीत हलवला. मेसाच्या जागेवर आता मोठी गृहवसाहत आहे. अमेरिकेत हे कायदेशीर आहे, जमीन त्यांची होती, पैसे देऊन घेतलेली होती, तक्रार नाही. पण जिथे जमीन सार्वजनिक हित म्हणून सक्तीने घेतली, जिथे जंगल तोडायची परवानगी ट्रॅकसाठी म्हणून दिली, तिथे तीस-चाळीस वर्षांनी कंपनीने ती बिल्डरला विकली तर? परवानगीच्या कागदात याचं उत्तर पाहिजे. ट्रॅक बंद झाला तर डांबर कोण उखडणार, कुंपण कोण काढणार, माती कोण तपासणार, जमीन परत कोणाकडे जाणार, आणि या सगळ्याचे पैसे कंपनीने आजच बँकेत बाजूला ठेवावेत, खाण कंपन्यांकडून बऱ्याच देशांत खाण बुजवण्यासाठी घेतात तसे. त्याच कागदाला आणखी एक यादी जोडावी, दुसऱ्या कोणत्या जागा बघितल्या, कुठले ट्रॅक भाड्याने मागितले, किती दिवस मागितले आणि काय उत्तर मिळालं. ही यादी कोरी असेल तर फाइल पुढे सरकवायचीच नाही.